‘मुद्दाम केले नाही’ एवढे पुरेसे आहे का?



दिवाळी सरली की आपल्या किनाऱ्यावर उत्तरेचा कोरडा वारा सुरू होतो. पावसाळ्यात खवळलेला समुद्र शांत होतो आणि लहान होड्याही किनाऱ्यालगतच्या पाण्यात निर्धास्तपणे जाऊ लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने म्हणजे आपल्या कोळी बांधवांच्या सुगीचे दिवस. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकट्या, ढोमे अशी मासळी या दिवसांत डोल जाळ्यात येते. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांच्यावर बोंबील टांगले जातात.

बोंबील हा मोठा नाजूक मासा. त्याच्या अंगात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. तरीही दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते वलांडीवर टाकले, की मीठ न लावता केवळ ऊन आणि वारा यांच्या जोरावर ते दोन-तीन दिवसांत वाळतात. हे काम थंडीच्या कोरड्या हवेतच नीट होते. मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळी मेहनत वाया जाते. या चार महिन्यांच्या कमाईतून बोटीचे कर्ज फिटते, मुलांची फी भरली जाते, जानेवारीतली लग्ने पार पडतात आणि पुढच्या पावसाळ्यासाठी काही गाठीला राहते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात घर कशावर चालते, याचे उत्तर बहुतेक वेळा थंडीच्या दिवसांत सापडते.

त्यामुळे थंडीतल्या मासेमारीविषयी बोलताना आपण लोकांच्या ताटातील घासाविषयी बोलत आहोत, याचे भान मला आहे. ते ठेवूनच आज मी एक प्रश्न तुमच्यापुढे मांडतो. तो जाळ्यातून वर आला असला तरी केवळ कोळीवाड्याचा नाही. शेतकरी, नोकरदार, व्यापारी, गृहिणी अशा आपणा सर्वांना तो लागू पडतो.

जाळे निवड करीत नाही

डोल जाळे कसे चालते, हे वाडीत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. हे जाळे म्हणजे एक लांबलचक पिशवी. तोंड मोठे आणि मागे निमुळती होत गेलेली. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि त्याचे तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवतात. बोट जाळे ओढत नाही. भरती किंवा ओहोटीचे पाणी वेगाने जाळ्यातून जाते आणि त्या पाण्याबरोबर जे काही येते ते शेवटच्या भागात, म्हणजे खोल्यात, साठत जाते. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये पाणी थोडा वेळ थांबते, तेव्हा जाळे उचलावे लागते. ही वेळ घड्याळाप्रमाणे ठरलेली नसते, ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणून कधी दुपारी, तर कधी पहाटे तीनच्या गारठ्यात खलाशांना ओले दोर हातात घ्यावे लागतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा जोर असतो, तेव्हा डोल चांगली भरते. भांगेच्या दिवसांत प्रवाह मंदावतो आणि जाळेही रिकामे राहते.

ही पद्धत जुनी आहे आणि शहाणपणाची आहे. प्रवाहच काम करीत असल्यामुळे इंधन कमी लागते आणि समुद्राचा तळ खरवडला जात नाही. पण तिची एक मर्यादा आहे. जाळे निवड करीत नाही. बोंबलाबरोबर पापलेटाची पिल्ले येतात, ढोम्याची पिल्ले येतात, एखाद्या मोठ्या माशाची बोटभर लांबीची संततीही येते. जाळे बोटीवर येईपर्यंत त्यातील बहुतेक मेलेली असतात. पुन्हा पाण्यात सोडून उपयोग होत नाही.

एखाद्या तांडेलाला याविषयी विचारले, तर तो सरळ मनाने सांगेल, “फादर, आम्ही काय पिल्ले पकडायला गेलो होतो? आम्ही गेलो बोंबलाला. पिल्ले पाण्याने आणली.” हे उत्तर खोटे नाही. आपला प्रश्न एवढाच, की ते पुरे आहे का? जे मी मनात धरले नव्हते, पण माझ्या हातून घडले, त्याचा जाब माझ्याकडे किती?

हेतू आणि परिणाम

या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना दाखवून दिले, की एकाच कृतीला दोन परिणाम असू शकतात. त्यांपैकी एक आपण मनात धरलेला असतो, दुसरा आपल्या हेतूच्या बाहेरचा असतो. कोणी अंगावर धावून आला आणि मी स्वतःला वाचवताना तो मारला गेला, तर माझा हेतू जीव वाचवण्याचा होता, मारण्याचा नव्हता. मात्र लगेचच ते एक अट घालतात. गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर तीच कृती अनुचित ठरते. म्हणजे शुद्ध हेतू हा परवाना नाही. त्याच्याबरोबर प्रमाणही पाहावे लागते.

पुढच्या काळातील नीतिशास्त्रज्ञांनी या विचाराला चार कसोट्यांचे रूप दिले. कृती मुळात वाईट नसावी. वाईट परिणाम हा हेतू नसावा. चांगले फळ वाईट परिणामाच्या द्वारे मिळवलेले नसावे. आणि होणारे नुकसान सोसण्याइतके सबळ कारण असावे.

डोल जाळ्याला या कसोट्या लावून पाहू या. मासे पकडणे ही मुळात चांगली, कष्टाची कृती आहे. पिल्ले मारणे हा कोणाचाही हेतू नाही. तिसऱ्या कसोटीपाशी मात्र थोडे थांबावे लागते. बोंबील मिळण्यासाठी पिल्ले मरणे आवश्यक नसते, म्हणून वरवर पाहता तीही पार पडते. पण समजा, ती पिल्लेही विकली जाऊ लागली. कोंबड्यांच्या खाद्यासाठी, मासळीच्या भुकटीसाठी त्यांचे टोपलीवर पैसे मिळू लागले आणि त्या दिवसाचा हिशेब त्या पैशांवर जुळू लागला. मग काय? ज्या दिवशी पिल्लांनाही भाव मिळतो आणि आपण त्या भावावर विसंबू लागतो, त्या दिवशी ‘नकळत’ हा शब्द आपल्या तोंडी शोभत नाही. हेतू मनात जन्मतो हे खरे, पण तो व्यवहारातून हळूहळू बदलतही जातो आणि बदलला हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

जबाबदारीची वेळ कोणती?

ॲरिस्टॉटलने दारुड्या माणसाचे एक उदाहरण दिले आहे. नशेत केलेल्या अपराधाला काही ठिकाणी दुप्पट शिक्षा असे. नशेत असताना त्याला काही कळत नव्हते हे मान्य. पण प्यावे की न प्यावे, हे त्याच्या हातात होते. म्हणजे जबाबदारी शोधताना कृतीच्या क्षणापाशीच थांबायचे नसते. थोडे मागे जाऊन, ‘निवड करण्याची संधी कधी होती?’ हे विचारायचे असते.

जाळ्याचेही तसेच आहे. खोला बोटीवर रिकामा झाला की तांडेलाच्या हातात काही उरत नाही. मेलेले पिल्लू जिवंत करता येत नाही. पण त्याआधी, जाळे विणताना किंवा विकत घेताना, खोल्याचा आस केवढा ठेवायचा हे त्याच्या हातात होते. आस बारीक ठेवला तर सर्व काही अडकते. आस मोठा ठेवला तर लहान जीव निसटून जातो. निवड खरी तिथे होते.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात जाळ्याचा दाखला आहे. जाळ्यात सर्व प्रकारचे मासे येतात आणि किनाऱ्यावर बसून ते निवडले जातात. आपल्या बंदरावर रोज पहाटे आपल्या मायबहिणी हेच करतात. बोंबील एका टोपलीत, मांदेली दुसरीत, जवळा तिसरीत. तो दाखला युगाच्या अंतीच्या न्यायाविषयी आहे. अंतिम निवाडा देवाचा, म्हणून तिथे निवड शेवटी होते. आपण माणसे मात्र शेवटापर्यंत थांबू शकत नाही. आपली निवड आधी व्हायला हवी, कारण किनाऱ्यावर निवडताना पिल्लाचे भवितव्य ठरून गेलेले असते.

आणखी एक गोष्ट. पहिल्यांदा जाळ्यात पिल्ले आली तेव्हा तो योगायोग होता. शंभराव्या वेळी तो योगायोग राहत नाही. जे रोज घडते, जे घडणार हे आधी माहीत असते आणि जे कमी करणे शक्य असते, ते ‘आपोआप’ घडले असे म्हणता येत नाही. अमेरिकी विचारवंत मायकल वॉल्झर यांनी १९७७ साली युद्धनीतीवरील आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला. वाईट परिणाम मनात नसणे एवढे पुरत नाही. तो कमी व्हावा म्हणून प्रयत्न करणे, आणि त्यासाठी स्वतः थोडी झळ सोसणे, हेही हवे. युद्धाची गोष्ट वेगळी आणि मासेमारीची वेगळी, हे उघड आहे. तरीही माझ्या मते या विषयातला कळीचा शब्द ‘झळ’ हाच आहे. ‘माझ्या मनात नव्हते’ हे खरे आहे की नाही, याची पारख आपण काय सोसायला तयार आहोत यावरून होते.

जवळ्याची अडचण

आता कोळी बांधवांची बाजूही ऐकली पाहिजे. ‘आस मोठा करा’ हे सांगायला सोपे आहे. पण जवळा मुळातच लहान. पूर्ण वाढलेला जवळाही तीन-चार सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. तो पिल्लू नाही, तो तेवढाच असतो. जवळा पकडायचा तर आस बारीकच हवा, आणि बारीक आसात पिल्ले येणारच. सुका जवळा हे गरिबाचे कालवण आहे. पालघर, नाशिकपर्यंतच्या आठवडी बाजारांत तो जातो. मग तो पकडूच नये काय?

दुसरा आक्षेपही वजनदार आहे. बोंबील स्वतः मोठा खादाड मासा आहे. लहान मासे आणि जवळा हेच त्याचे अन्न. समुद्रात असंख्य पिल्ले अशीही मरतातच, मग चार आमच्या जाळ्यात मेली तर काय बिघडले?

या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर देणे सोपे आहे. बोंबील पोट भरले की थांबतो. जाळे थांबत नाही. शिवाय बोंबलापुढे पर्याय नसतो, माणसापुढे असतो. नीतीचा प्रश्न जिथे पर्याय आहे तिथेच उभा राहतो.

पहिल्या आक्षेपाला मात्र असे झटपट उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव मी आणणार नाही. चौथी कसोटी इथेच कामाला येते. सबळ कारण आहे का? गरिबाचे कालवण हे सबळ कारण आहे. पण ते कारण जवळ्याच्या जाळ्याला लागू पडते. बोंबलासाठी मोठा आस चालत असताना वर्षभर सर्वच जाळ्यांना जवळ्याचा आस लावला, तर तिथे ते कारण पुढे करता येत नाही. ज्या दिवसांत पिल्ले फार येतात, त्या दिवसांत बारीक जाळे सोडायचे की नाही, हेही ठरवता येते. कोणत्या उधाणाला कुठे काय येते, हे आपल्या जुन्या नाखवांना सरकारी अधिकाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. हे ज्ञान आतापर्यंत जास्त मासळी मिळवण्यासाठी वापरले गेले. तेच पिल्ले वाचवण्यासाठीही वापरता येईल.

कायद्यानेही काही रेषा आखल्या आहेत. महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ पासून आहे. २०२३ साली राज्य शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आणि बोंबलासाठी १८० मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान देण्यात आला. १३५ मिलिमीटर म्हणजे अर्ध्या वितीहून थोडे जास्त. एवढीही वाढ ज्याची झाली नाही, असे पापलेट आपल्या बाजारात पाहिलेच नाही, असे म्हणणारा कोणी भेटला तर मला आनंद होईल.

एकट्याने काय होणार?

“फादर, मी आस मोठा केला तर माझ्या जाळ्यातून सुटलेले पिल्लू शेजारच्या जाळ्यात जाईल. त्याचा फायदा, माझे नुकसान. समुद्राला काय मिळाले?” हा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण तो खरा आहे. जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणी घेत नाही, असे १९६८ साली गॅरेट हार्डिन या शास्त्रज्ञाने एका गाजलेल्या लेखात मांडले. सामायिक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो आणि शेवटी कुरणच संपते.

पण सगळीकडे असेच घडते असे नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरातील अशा सामायिक साधनांचा अभ्यास केला. त्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी दिलेले एक उदाहरण आपल्यासारख्याच किनाऱ्यावरचे आहे. तुर्कस्तानात अलान्या नावाचे बंदर आहे. तिथे साधारण शंभर मच्छीमार लहान बोटींतून किनाऱ्यालगत मासेमारी करीत. चांगल्या जागांसाठी भांडणे होत, कधी मारामारीही होई. १९७० नंतरच्या दशकात तेथील सहकारी संस्थेच्या सभासदांनी स्वतःच एक पद्धत शोधली. मासेमारीच्या सर्व जागांना नावे देऊन त्यांची यादी केली. एका जागेवरच्या जाळ्याने दुसऱ्या जागेवरची मासळी अडू नये, इतके अंतर दोन जागांत ठेवले. दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या जात. मग सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत प्रत्येक जण रोज एक जागा पूर्वेकडे सरके आणि जानेवारीनंतर मे महिन्यापर्यंत पश्चिमेकडे. त्यामुळे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई. ही घडी नीट बसायला सुमारे दहा वर्षे लागली. ती वरून लादलेली नव्हती. एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांनी एकत्र बसून ती बसवली होती. नियम मोडणारा कोण हे शेजाऱ्यालाच आधी कळे.

अलान्याच्या लोकांपुढे जागेचा प्रश्न होता, आपल्यापुढे पिल्लांचा आहे. पण त्यातून एक गोष्ट शिकता येते. ‘एकट्याने काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर आपले कर्तव्य संपत नाही. त्याचे रूप बदलते. एकट्याने करणे शक्य नसेल, तर इतरांशी बोलून सर्वांनी मिळून करण्याची वाट काढणे, हे कर्तव्य होते. आपल्या किनाऱ्यावर सहकारी संस्था आहेत, कोळीवाड्याच्या बैठका आहेत. शब्द पाळण्याची परंपराही आहे. नारळी पौर्णिमेआधी बोट काढायची नाही, हा संकेत कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता.

जाळ्यात आपलेही काही येते

हा लेख वाचून वाडीतील कोणी म्हणेल, ‘आमचा काय संबंध? आम्ही जाळे टाकत नाही.’ संबंध दोन प्रकारे आहे.

एक, मासे आपण खातो. बाजारात लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून आपण ते घेतो, आणि मोठ्या माशासाठी मात्र कोळीण मावशीशी दहा रुपयांवरून हुज्जत घालतो. तिने पहाटेच्या थंडीत बंदरावर उभे राहून तो माल घेतलेला असतो. आस मोठा केला तर सुरुवातीला मासळी कमी येईल, भाव थोडा चढेल. ती झळ फक्त कोळीवाड्याने सोसावी आणि आपण उपदेश करावा, हे न्यायाला धरून नाही. सबळ कारण गरिबाकडे असू शकते. दोनचारशे रुपये सहज खर्च करणाऱ्यांकडे ते क्वचितच असते.

दोन, डोल जाळ्यात मासळीबरोबर आणखीही काही येते. प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, थर्माकोलचे तुकडे. ते समुद्रात टाकण्याचा हेतू आपल्यापैकी कोणाचाच नव्हता. आपण फक्त नाल्याच्या कडेला टाकले. पावसाने ते खाडीत नेले, ओहोटीने समुद्रात नेले आणि भरतीने कोणाच्या तरी जाळ्यात भरले. ‘पाण्याने आणले’ हे उत्तर तांडेलाकडून आपण चालवून घेणार नसू, तर ते आपल्यालाही देता येणार नाही. लग्नात रात्री उशिरापर्यंत डीजे वाजतो आणि शेजारच्या घरातील आजारी म्हातारा तळमळत राहतो. केळीच्या बागेत फवारणी होते आणि मधमाश्या मरतात. कोणाचाही हेतू वाईट नसतो. जगातले पुष्कळसे नुकसान चांगल्या माणसांच्या हातून, काहीही मनात नसताना होते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात अनिर्बंध मासेमारीचा आणि पकडून फेकून दिल्या जाणाऱ्या जीवांचा उल्लेख केला होता. तो वाचून कोळी बांधवांनी अपराधी वाटून घ्यावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. समुद्रावरची माणसे समुद्राला आपल्यापेक्षा जास्त मानतात. त्याचा पहिला फटकाही त्यांनाच बसतो. म्हणूनच वाट निघाली तर ती त्यांच्यातूनच निघेल. आपण बाकीच्यांनी त्यांचा भार थोडा हलका करायचा आहे.

या आठवड्यात आपण प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारू या : माझ्या हातून रोज, मनात नसताना, कोणाचे नुकसान होते का? ते मला माहीत आहे का? ते कमी करण्यासाठी मी थोडी झळ सोसायला तयार आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले तर घाबरून जाऊ नये. सर्वांचेच तसे येईल. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे लक्ष द्यावे.

कोळीवाड्यातील नाखवा, खलाशी आणि मासळी विकणाऱ्या मायबहिणी यांना माझी खास विनंती आहे. आसाविषयी आणि पिल्लांविषयी तुमचा अनुभव काय, कोणत्या दिवसांत बारीक जाळे आवरता येईल, हे मला ऐकायचे आहे. मी इथे जे लिहिले त्यात तुम्हाला चूक दिसली तर तीही सांगा. रविवारच्या मिस्सेनंतर मी आवारात असतो. भांगेच्या दिवसांत बोटी बंदरात असतात, तेव्हा सवडीने बसून बोलू.

तुमचा,
धर्मगुरू